जुनी गाडी मधूनच अडखळते: पार्ट बदलण्याआधी दोष कसा पकडायचा

जुन्या गाडीचा सगळ्यांत छळवादी दोष कोणता, तर मधूनच येणारा. गाडी पूर्ण बंद पडली तर शोध सोपा असतो. जे चालत नाही ते सापडतं. पण पॅडल दाबल्यावर क्षणभर थबकायचं, मग काही झालंच नाही अशा थाटात पळायचं आणि गॅरेजच्या दारात पोचल्यावर तक्रारीला जागाच ठेवायची नाही, अशा गाडीवर लोक अंदाजाने पार्ट बदलत सुटतात. आधी प्लग, मग कॉइल, मग पंप, मग कुणीतरी सुचवलेला सेन्सर. कधी कधी दोष जातोही, पण कशामुळे गेला ते कळत नाही आणि थोड्या दिवसांनी तो परत हजर होतो.

खरं तर असा दोष लहरी नसतो. एखादी वायर तापल्यावरच तुटते, एखादा पाइप इंजिन कलल्यावरच उघडतो, टाकीतला कचरा पेट्रोलचा ओढा वाढल्यावरच जाळीवर बसतो. ती परिस्थिती ओळखून दोष हुकमी आणता आला की अर्धं काम झालं. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांना एकच अट आहे: चाचणीत नापास झाल्याशिवाय कोणताही पार्ट बदलायचा नाही.

लेख पेट्रोल गाड्यांपुरता आहे, कार्बोरेटरच्या आणि इंजेक्शनच्याही. डिझेलची तऱ्हा वेगळी.

आधी तक्रार नीट ओळखा

पॅडल दाबलं, आवाज बदलला, पण गाडी अर्धा-एक सेकंद पुढे सरकलीच नाही आणि मग एकदम उचलली, तर ते अडखळणं. बारीक झटके बसत राहिले, इंजिन थरथरलं, सायलेन्सरमधून फटफट आवाज आला, तर ते मिसिंग. एखादा सिलिंडर मधूनच काम सोडतोय. पॅडल स्थिर असताना वेग आपोआप कमीजास्त होत राहिला, तर ते हेलकावे. एकच दोष या तिन्ही रूपांत दिसू शकतो, पण सुरुवात कुठून करायची ते रूपावरून ठरतं. अडखळणाऱ्या इंजिनात बहुधा मिश्रण लीन झालेलं असतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. मिसिंगमध्ये पहिला संशय स्पार्कवर घ्यावा.

इंजिनाचा काहीच संबंध नाही असेही प्रकार असतात. आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, तर क्लच घसरतोय. गाडी सगळीकडे जड वाटते आणि थांबल्यावर एका चाकाची रिम बाकीच्यांपेक्षा बरीच गरम लागते, तर ब्रेक चिकटलाय. ऑटोमॅटिक गाडीत ठरावीक वेगाला, हलक्या पॅडलवर थरथर येत असेल तर मागे कोणी नाही हे बघून ॲक्सिलरेटर तसाच धरा आणि ब्रेकला फक्त दिवा लागेल इतका स्पर्श करा. बहुतेक गाड्यांत त्याने टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक सुटतं. थरथर त्याच क्षणी गेली, तर इंजिन सोडून गिअरबॉक्सकडे बघा. प्लग आणि कॉइलवरचा कितीतरी खर्च या एका चाचणीने वाचतो.

वही ठेवा, आणि ती कशी वाचायची

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक गाळतात, आणि नेमका इथेच दोष सापडायचा असतो. प्रत्येक वेळी गाडी अडखळली की थांबल्यावर लिहून काढा: इंजिन गार होतं की गरम, सुरू करून किती वेळ झाला होता, गिअर, आरपीएम, पॅडल हलकं होतं की खोल, रस्ता चढाचा की खडबडीत की वळणाचा, टाकीत किती पेट्रोल होतं, एसी चालू होता का, हवा दमट होती का. शेजारी कोणी असेल तर त्यांना बोलायला सांगा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. चालवता चालवता लिहायला जाऊ नका.

पाच-सहा नोंदी झाल्या की रेषा दिसायला लागते.

फक्त गार इंजिनावर अडखळते आणि गरम झाल्यावर सुधारते, तर गार असताना लागणारं जादा पेट्रोल मिळत नाहीये: चोक नीट लागत नाही, कूलंटच्या तापमानाचा सेन्सर खोटं सांगतोय, किंवा कुठेतरी बारीक व्हॅक्युम लीक आहे, म्हणजे फटीतून जादा हवा आत ओढली जातेय. लीन मिश्रण गरम इंजिन कसंबसं निभावून नेतं, गार इंजिन नेत नाही. याउलट, अर्धा तास चालल्यावर सुरू होणारा आणि गाडी उभी करून थंड झाल्यावर जाणारा दोष बहुतेकदा इलेक्ट्रिकल असतो: ठिणगीचं व्होल्टेज तयार करणारी कॉइल, इंजिनाचं फिरणं मोजणारा क्रँक सेन्सर, कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारं इग्निशन मॉड्युल, रिलेच्या आतला तडकलेला टाका. कार्बोरेटरच्या गाडीत उन्हात, गर्दीत, हळू चालताना हे होत असेल तर पेट्रोलची वाफ होऊन पाइपमध्ये अडकण्याचाही विचार करा.

हलक्या पॅडलवर अडखळते पण खोल दाबल्यावर ठीक पळते, तर व्हॅक्युम लीक, एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहणं, थ्रॉटलच्या (पॅडलने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) सेन्सरचा आतला झिजलेला पट्टा किंवा कार्बोरेटरचा तुंबलेला आयडल जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारं बारीक भोक). उलट चढावर आणि खोल पॅडलवरच दम सुटत असेल तर दोनच मोठे संशयित: पेट्रोल पुरत नाही, किंवा स्पार्क कमजोर आहे. सिलिंडरमधला दाब वाढला की प्लगच्या गॅपवरून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून सपाटीवर निभावणारी कॉइल चढावर हात टेकते.

वळणावर आणि टाकी पाव भरलेली असतानाच होतं, तर पंप हवा ओढतोय. खड्ड्यावरून गेल्यावर होतं, तर लूज काँटॅक्ट. पावसाळी सकाळी होतं, तर प्लग वायर आणि प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप. पेट्रोल भरल्यानंतर लगेच सुरू करताना रखडते, तर टाकीची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असण्याची शक्यता मोठी.

आरपीएमच्या काट्यावरही लक्ष ठेवा. गाडी पळत असताना झटका बसला आणि काटा त्या क्षणी एकदम शून्याकडे कोसळला, तर इग्निशनचा मूळ सिग्नलच तुटतोय: क्रँक सेन्सर, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे काँटॅक्ट), मॉड्युल, कॉइलचा पुरवठा किंवा चावीचा स्विच. काटा इंजिनाच्या बरोबरीने सावकाश उतरला, तर इंधनाकडे वळा. हे सगळ्याच मीटरांना लागू पडत नाही, कारण काही मीटर सिग्नल गाळून दाखवतात. पण जुन्या गाड्यांत ही खूण सहसा फसवत नाही.

एक थांबण्याची जागा: इंजिनाचा इशाऱ्याचा दिवा लुकलुकत असेल तर मिसिंग इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय आणि तो वितळू शकतो. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या आणि तशी दामटू नका. इंजिन चालता चालता बंद पडत असेल तर रस्त्यावरच्या चाचण्याही बंद. ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते.

बॉनेट उघडल्यावर आधी फक्त बघायचं

बॅटरीची वायर काढू नका. इंजेक्शनच्या गाडीत तेवढ्याने साठवलेले कोड आणि इंजिनाने शिकलेले आकडे पुसले जातात, आणि तोच तर पुरावा असतो.

इंजिन बंद, थंड. चांगला टॉर्च घ्या. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतची जाड रबरी नळी हाताने वाकवून बघा. तिच्या घड्यांच्या तळाशी चीर असते आणि ती वरून दिसत नाही. इंजिन माउंट गेलं असेल तर पॅडल दाबताना इंजिन कलतं, नळी ताणली जाते, चीर उघडते, मोजणीबाहेरची हवा आत शिरते आणि गाडी अडखळते. उभ्या गाडीत रेस दिली तर काही होत नाही, कारण चाकांवर भार नसताना इंजिन तितकं कलत नाही. ‘गॅरेजमध्ये ठीक, रस्त्यावर वाईट’ या तक्रारीचं हे एक नमुनेदार कारण आहे.

व्हॅक्युमच्या बारीक नळ्यांची टोकं बोटाने दाबा. कडक झालेली, तडकलेली, तेलाने फुगलेली दिसली तर ती जागा लिहून ठेवा. ब्रेक बूस्टरची नळी आणि क्रँककेसमधली वाफ इंजिनात सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह विसरू नका. पेट्रोलच्या रबरी नळ्याही याच वेळी बघा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही. नळी आतून सुटते आणि तिचे काळे कण फिल्टर-जेटमध्ये जाऊन बसतात. कुठे ओल किंवा पेट्रोलचा वास आला तर बाकीचं सगळं थांबवून आधी ते दुरुस्त करा.

मग अर्थिंग. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाणाऱ्या वायरींच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी, ढिले बोल्ट, गंज. मल्टिमीटर असेल तर इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि पंखा लावा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला. ०.२ व्होल्टच्या वर दाखवलं तर तो अर्थ कमजोर आहे. बॅटरीवर चार्जिंग साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असावं. बहुतेक सेन्सरचे सिग्नल शून्य ते ५ व्होल्टच्या आत असतात. अर्थमध्ये थोडे व्होल्ट हरवले तरी सगळ्यांचं बोलणं बिघडतं, आणि मग निर्दोष सेन्सर बदलले जातात.

स्पार्क

प्लग काढताना कोणता कोणत्या सिलिंडरचा ते सांभाळा. फिकट तपकिरी-करडं टोक म्हणजे सगळं ठीक. सुकी काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) किंवा ठिणगी कमजोर. ओली तेलकट काळपट म्हणजे तेल वर येतंय. पांढरंफटक, फोड आलेलं टोक म्हणजे लीन किंवा अति गरम. चारही एकसारखे खराब असतील तर कारण सामायिक आहे: मिश्रण, पंप, सेन्सर. एकच वेगळा असेल तर शोध त्या एका सिलिंडरपुरता राहतो. ही तुलना प्लगच्या रंगापेक्षा जास्त सांगून जाते.

चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीसारखी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी आत न जाता बाहेरून पळतेय. प्लग आणि त्याचं रबरी टोपण दोन्ही बदला, एक ठेवून दुसरं बदललं तर रेघ परत येते. धातूच्या कडेलगतचं तपकिरी वर्तुळ मात्र दोष नव्हे, ते उच्च व्होल्टेजमुळे चिकटलेल्या धुळीचं असतं. गॅप फिलर गेजने मोजा. गाडीप्रमाणे तो साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर असतो. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. झिजून गॅप वाढला की कॉइलवर ताण येतो.

पुढची चाचणी अंधारात. इंजिन चालू ठेवा, हात पंख्यापासून आणि वायरींपासून लांब ठेवा आणि साध्या स्प्रेच्या बाटलीने प्लग वायर, कॅप, कॉइल यांवर पाण्याचा बारीक फवारा मारा. निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या किंवा इंजिन अडखळलं, तर जागा सापडली. इग्निशनचं व्होल्टेज हजारोंत असतं. चालू इंजिनाच्या प्लग वायरला हात लावायची मर्दुमकी नको. प्लग वायरी ओहममध्ये मोजायच्या असतील तर त्यांची आपसात तुलना करा. लांबीच्या मानाने एकच खूप जास्त दाखवते, किंवा वाकवताना आकडा उडतो, तर ती गेली.

डिस्ट्रिब्युटरच्या गाड्यांत एक जागा हमखास चुकवली जाते. पॉइंट ज्या पत्र्यावर बसतात तो व्हॅक्युम ॲडव्हान्समुळे (इंजिनाच्या व्हॅक्युमवर ठिणगीची वेळ पुढे-मागे करणाऱ्या डबीमुळे) पॅडलनुसार थोडा फिरतो, आणि त्याच्याबरोबर एक बारीक वायर सतत हलत राहते. वर्षानुवर्षं वाकून ती आवरणाच्या आत तुटते. बाहेरून अखंड दिसते, पण पत्रा फिरला की टोकं अलग होतात आणि गाडी नेमकी पॅडल दाबताना अडखळते. आतल्या अर्थच्या वायरचंही तेच. कॅप काढा, पत्रा हाताने फिरवा आणि मल्टिमीटरवर वायरची सलगता बघा. व्हॅक्युम ॲडव्हान्सची नळी काढून तोंडाने ओढली तर पत्रा हलायला हवा आणि जिभेने भोक बंद ठेवलं तर तिथेच टिकायला हवा. टिकत नसेल तर डायफ्रॅम फाटलाय: ॲडव्हान्स मिळत नाही, शिवाय व्हॅक्युम लीकही होतं.

हवा

व्हॅक्युम लीक शोधायला बरेच जण चालू इंजिनावर कार्बोरेटर क्लीनर फवारतात. लीक असलेल्या जागी फवारा गेला की आरपीएम बदलतो. चाचणी खरी आहे, पण तो फवारा पेटतो. गरम मॅनिफोल्ड आणि गळकी प्लग वायर जवळ असताना मी ती सुचवणार नाही. सोय असेल तिथे नळ्यांत धूर भरून गळती दाखवणाऱ्या मशिनने तपासून घ्या. मशीन नसेल तर संशयाच्या नळ्या एकेक करून पक्कडीला कापड गुंडाळून हलक्या दाबा. आयडलिंग सुधारलं, तर लीक त्या नळीच्या पलीकडे आहे.

व्हॅक्युम गेज हे जुनं, स्वस्त आणि विसरलं गेलेलं साधन. निरोगी इंजिन आयडलिंगला समुद्रसपाटीच्या जवळ साधारण १७ ते २२ इंच पारा दाखवतं आणि काटा स्थिर असतो. एकसारखा कमी दाखवला तर लीक किंवा चुकलेलं टायमिंग. काटा ठरावीक अंतराने खाली टपकत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. आता आरपीएम २५०० वर धरून ठेवा. काटा हळूहळू खाली सरकत गेला तर एक्झॉस्ट तुंबलाय, बहुधा आतून कोसळलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याचे तुकडे सुटे असतील तर ते कधी वाट अडवतात, कधी नाही, आणि दोष मधूनच येतो. कन्व्हर्टर थंड असताना बाहेरून रबरी हातोडीने हलकं ठोकलं तर खुळखुळतो.

थ्रॉटल बॉडीवरची काजळी योग्य क्लीनरने पुसा. मात्र इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर पाकळी बोटाने ढकलू नका, आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात.

इंधन

इंजेक्शनच्या गाडीत प्रेशर मोजल्याशिवाय पंपाबद्दल मत बनवू नये. मॅनिफोल्डमध्ये इंजेक्टर असलेल्या बहुतेक इंजिनांत ते साधारण २.५ ते ४ बार असतं. पण उभ्या गाडीतलं प्रेशर फसवं: पंप रिकाम्या रेसला पुरतो आणि चढावर पुरत नाही. गेज सुरक्षितपणे बांधून, दुसऱ्या माणसाला बघायला बसवून भाराखाली मोजायला हवं. हे घरच्या घरी जमण्यासारखं नाही, अनुभवी मेकॅनिककडूनच करा. गॅरेजला स्पष्ट सांगा की आकडा चढावरचा हवा आहे.

घरी करण्यासारखं मात्र बरंच आहे. प्रेशर रेग्युलेटर इंजिनावर असेल तर त्याची व्हॅक्युम नळी काढून हुंगा. आत पेट्रोल दिसलं तर डायफ्रॅम फाटलाय. पंपाच्या प्लगपाशी, पंप चालू असताना किती व्होल्ट पोचतात ते मोजा आणि बॅटरीच्या व्होल्टेजशी ताडा. मोठा फरक असेल तर पंपाला दोष देण्याआधी वायर आणि रिले तपासा. गाडी अडखळायला लागल्यावर थांबून टाकीचं झाकण उघडा. जोराने हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि नंतर गाडी सुधारली, तर टाकीचा श्वास बंद आहे. सूर्र असा आवाज बाहेर येणं वेगळं, ते गरम पेट्रोलच्या वाफेचं असतं.

टाकीतल्या जाळीचा दोष ओळखायला सोपा आहे. बराच वेळ वेगाने चालल्यावर दम जातो, गाडी बंद करून थोडा वेळ थांबलं की परत छान पळते. पंप ओढत असताना गंज आणि गाळ जाळीवर चिकटतो, पंप थांबला की खाली बसतो. अशा वेळी फिल्टर बदलून थोडे दिवस बरं वाटतं, पण टाकी साफ केल्याशिवाय सुटका नाही. फिल्टर काढल्यावर तो उलटा करून आत येणाऱ्या बाजूने पेट्रोल पांढऱ्या भांड्यात ओता. काय निघतं ते बघूनच पुढचं ठरवा. तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करायला लागेल. इथेनॉल पाणी शोषतं, आणि प्रमाणाबाहेर पाणी झालं की ते मिश्रण पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, नेमकं पंपाच्या तोंडाशी. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हे जास्त होतं.

कार्बोरेटर असेल तर

हाताने ओढायचा चोक असेल तर तो फुकटचं निदान-यंत्र आहे. गरम इंजिनावर, ज्या परिस्थितीत गाडी अडखळते तिथे चोक थोडासाच ओढा. सुधारली तर मिश्रण लीन आहे: तुंबलेला जेट, कमी फ्लोट लेव्हल (कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल कमी), व्हॅक्युम लीक, कमजोर पंप. आणखी बिघडली तर मिश्रण आधीच रिच आहे किंवा प्रश्न स्पार्कचा आहे.

पॅडल झटकन दाबल्यावरच अडखळत असेल तर ॲक्सिलरेटर पंप तपासा. थ्रॉटल एकदम उघडला की हवा लगेच धावते, पेट्रोल मागे राहतं. ती फट भरायला हा पंप पेट्रोलची पिचकारी मारतो. इंजिन बंद करून एअर फिल्टर काढा, आत बघत थ्रॉटल हाताने उघडा. त्याच क्षणी सलग, जोरदार धार यायला हवी. उशिरा आली, थेंब थेंब आली किंवा आलीच नाही, तर डायफ्रॅम, आतला छोटा व्हॉल्व्ह किंवा नोझल. एसयू आणि स्ट्रॉमबर्ग जातीच्या कार्बोरेटरमध्ये असा पंप सहसा नसतो. तिथे पिस्टनवरच्या डॅशपॉटमधलं तेल ते काम करतं. ते कमी झालं किंवा फार पातळ घातलं की गाडी पॅडलवर थबकते. झाकण उघडून तेल भरायला दोन मिनिटं लागतात, आणि तरी लोक आधी जेट बदलतात.

स्कॅनर आणि सेन्सर

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचायची ओबीडी-२ची जोडणी अमेरिकेत १९९६पासून आणि युरोपीय संघात पेट्रोल गाड्यांना २००१पासून सक्तीची झाली. तुमच्या गाडीत ती असेल तर साधा स्कॅनर पुरतो. कोड वाचा, पण कोडात ज्या पार्टचं नाव आलं तो लगेच बदलू नका. पी०१७१ एवढंच सांगतो की मिश्रण लीन आहे. का आहे ते शोधायचं काम तुमचंच. पी०३०० म्हणजे अनेक सिलिंडरांत मिसिंग, पी०३०१ म्हणजे पहिल्यात. कोडाबरोबर साठवलेला फ्रीझ फ्रेम नक्की उतरवून घ्या. त्या क्षणाचा आरपीएम, भार, तापमान त्यात असतं, आणि कंटाळा करून न लिहिलेली नोंद गाडीने स्वतःच केलेली असते.

खरी माहिती फ्युएल ट्रिममध्ये. कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते हा आकडा दाखवतो. शॉर्ट (तात्कालिक) आणि लाँग (शिकलेला, टिकणारा) या दोन ट्रिमची बेरीज उणे १० ते अधिक १०च्या आत असेल तर काळजी नाही. आयडलिंगला अधिक २० आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्य, तर व्हॅक्युम लीक. कारण वेग वाढला की चोरून येणारी हवा एकूण हवेच्या मानाने किरकोळ ठरते. आयडलिंगला ठीक आणि भार वाढेल तसा आकडा चढत जातो, तर पेट्रोल पुरत नाही किंवा आत येणारी हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर मळलाय. सेन्सर त्यासाठीच्या खास क्लीनरनेच धुवा, आतल्या तारेला काडीही लावू नका.

कूलंट सेन्सरची परीक्षा सकाळी. रात्रभर उभ्या गाडीत स्कॅनर लावा: कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसायला हवं. मोठा फरक असेल तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय. भिंतीवरचा तापमापक निकाल देईल.

थ्रॉटल सेन्सरला चावी चालू, इंजिन बंद ठेवून पॅडल अगदी सावकाश दाबा. केबलच्या थ्रॉटलवर बहुतेक सेन्सर सुमारे ०.५ पासून ४.५ व्होल्टपर्यंत चढतात. चढण अखंड हवी. गाडी जिथे रोज जास्तीत जास्त वेळ चालते, तिथेच, म्हणजे पहिल्या चतुर्थांशात पट्टा झिजतो आणि आकडा क्षणभर कोसळतो. डिजिटल मल्टिमीटर हे इतक्या वेगाने पकडत नाही. काट्याचा जुना मीटर किंवा स्कॅनरचा आलेख वापरा.

तरीही हाती लागत नसेल तर दोषाला डिवचा

इंजिन आयडलिंगवर ठेवून वायरिंगचे जुडगे, कनेक्टर, रिले, फ्यूज बॉक्स एकेक करून हलवा. एका वेळी एकच. चावी स्विचमध्ये हलवून बघा. किल्ल्यांचा जड जुडगा वर्षानुवर्षं लोंबकळला की आतले काँटॅक्ट झिजतात. गरम झाल्यावरच येणाऱ्या दोषासाठी हेअर ड्रायरने रिले, मॉड्युल, क्रँक सेन्सर पाळीपाळीने तापवा, आणि दोष आल्यावर तोच भाग ओल्या फडक्याने किंवा थंड फवाऱ्याने गार करा. गार होताच इंजिन सावरलं तर गुन्हेगार सापडला. त्याच्यावर विश्वास बसायला हा खेळ आणखी एकदा करा.

स्पार्क, हवा, इंधन तिन्ही बरोबर निघाले तर इंजिनाची तब्येत: कॉम्प्रेशन, टॅपेटची सेटिंग, टायमिंग बेल्ट एखादा दात सरकलाय का, चेन ढिली झालीय का. सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर बाकीच्या चाचण्यांना फारसा अर्थ नाही.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच बदल करा, आणि वहीतली नेमकी तीच परिस्थिती परत उभी करून बघा: तोच चढ, तेच तापमान, तितकंच पेट्रोल. नुसती चक्कर मारून बरं वाटलं याला किंमत नाही. ट्रिमचे आकडे पूर्वीचे आणि आताचे शेजारी शेजारी लिहा. मेकॅनिककडे जायची वेळ आली तर ‘गाडी मिसिंग करते’ असं न सांगता वही पुढे ठेवा आणि त्यांना शेजारी बसवून दोष आणून दाखवा. काढलेला जुना पार्ट टाकू नका. त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून डिकीत ठेवा. दोष परत आला तर तोच मूळ जागी बसवून फरक पडतो का ते पाहता येतं.